गिरणीवरची गार हवा

म्हसरूळला दिंडोरी रस्त्याच्या कडेला बहिरू कुटे यांची पिठाची गिरणी आहे. वर्षभर गहू, बाजरी, डाळ दळायची आणि उन्हाळा लागला की मिरची-मसाला कांडायचा. आडनावच कुटे असल्यावर माणसानं दुसरं काय करावं, असं ते स्वतःच म्हणतात आणि गिऱ्हाईक हसायच्या आत स्वतः हसून घेतात. मूळचे सायखेड्याचे. लग्नानंतर नाशकात आले, दुसऱ्याच्या गिरणीत पट्टा चढवायला शिकले, मग स्वतःची चक्की मांडली. आता पन्नाशी ओलांडल्यावर त्यांच्या भुवयांचा, मिशांचा आणि कानांवरच्या केसांचा मूळ रंग कोणता होता, हे त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.

बहिरू हे नाव भैरोबावरून ठेवलेलं. पण चक्कीच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते नाव असलं की लोक वेगळाच अर्थ काढणार. बहिरूभाऊंनी एकदा कान तपासूनही घेतले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. म्हणजे दोष कानाच्या आत, आणखी पुढे कुठेतरी होता. समोरचा माणूस बोलायला लागला की भाऊ त्याचं अर्धं वाक्य ऐकायचे आणि उरलेलं पदरचं घालून पुरं करायचे. "गहू बारीक दळा, पण..." एवढं कानावर पडलं की चक्की सुरू. 'पण'च्या पुढचं सगळं पिठात जायचं. या सवयीनं गिरणीचं फारसं नुकसान झालं नाही. खरा फटका बसला तो घरात थंड हवा आणली तेव्हा.

घर गिरणीच्या वरच. पीठ वर येतं म्हणून त्यांची बायको मैनाबाई खिडक्या बंद ठेवायच्या आणि खिडक्या बंद म्हणून एप्रिल-मे महिन्यांत घराची भट्टी व्हायची. मुलगी योगिनी अंबडच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासनीस. ती म्हणाली, "पप्पा, एका बेडरूमला एक साधा एसी बसवा, मम्मीला झोप तरी लागेल." बहिरूभाऊंनी यातलं 'एसी बसवा' एवढं ऐकलं. मेव्हण्याच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत भिंतीवर एक-एक पांढरा डबा लटकलेला होता. आपल्याकडे तसलं काही दिसायला नको. हॉटेलात असतं तसं, यंत्र एकच, तेही छताच्या आत लपलेलं, आणि सगळ्या खोल्यांत छतातून आपोआप गार हवा. मेव्हणा आला पाहिजे, मान वर करून पाहिलं पाहिजे आणि त्याला डबा सापडला नाही पाहिजे.

बसवायला ललित नावाचा तरुण ठेकेदार आला. शांत स्वभावाचा, सगळं समजावून सांगणारा. मधल्या बोळाच्या छतात यंत्र बसलं, तिथून पत्र्याच्या नळ्या खोल्याखोल्यांत गेल्या. आता यंत्राला घरातली हवा परत ओढून घ्यायला एक मोठी जाळी लागते. ललितनं ती हॉलच्या छतात आखली. पण हॉलच्या छतात बहिरूभाऊंनी नुकतंच प्लास्टरचं मोठं कमळ काढून घेतलं होतं.

"कमळाच्या पोटात जाळी? नाय जमायचं. तिकडं घे, जिन्याच्या तोंडाशी. तिथं कोण बघतंय?"

"काका, जिना खाली गिरणीत उतरतो. ही जाळी हवा ओढते. तिथं घेतली तर खालचं पीठ..."

"दार हाय ना जिन्याला!"

दार होतं. उघडंच असायचं, पण होतं.

शेवटी ललितनं जाळीचं झाकण उघडून आतला फिल्टर दाखवला. नायलॉनची बारीक जाळी, प्लॅस्टिकच्या चौकटीत ताणलेली. "हा काढायचा, नळाखाली धुवायचा, सावलीत वाळवायचा, परत बसवायचा. लोकांना मी पंधरा दिवसांनी सांगतो, तुम्ही मात्र दर आठवड्याला..."

"अरे बाबा," बहिरूभाऊ मोठ्यानं हसले, "माझा जन्म चाळण्या झटकण्यात गेला. जाळी कशी साफ करायची हे तू मला शिकवतो?"

हे वाक्य त्यांना पुढं फार दिवस पुरलं. कारण जाळी कशी साफ करायची हे त्यांना खरोखरच माहीत होतं. फक्त ती करायची असते, हे ध्यानात राहिलं नाही. गिरणीतल्या चाळण्या रोज झटकणारा माणूस वरच्या मजल्यावर पोचला की साहेब व्हायचा. छतातून गार हवा येते आहे, मेव्हणा येऊन मान दुखेपर्यंत वर पाहून गेला आहे, आता जाळीबिळी काय!

तो उन्हाळा सुखात गेला. पावसाळ्यात मात्र हवेचा जोर कमी झाल्यासारखा वाटायला लागला. बहिरूभाऊंनी रिमोटवरचा आकडा खाली आणला. आणखी कमी झाला, आणखी खाली आणला. आकडा संपला तरी घाम जाईना. आणि मग घरात वास सुटला.

आंबट वास. इडलीचं पीठ रात्रभर फुगून वर आलं की येतो, अगदी तसा.

"मैना, पीठ भिजवलंय का कशाचं?"

"नाही हो."

"मग आंबल्याचा वास कशाचा येतो?"

"मलाही येतोय. मला वाटलं तुम्ही खालून काही आणून ठेवलंय."

बहिरूभाऊंनी स्वयंपाकघर पालथं घातलं. फ्रिजमधली भांडी हुंगली. मैनाबाई विसरभोळ्या व्हायला लागल्या आहेत, कुठेतरी पातेलं ठेवून विसरल्या असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि बोलूनही दाखवलं. मैनाबाईंनी त्यावर दोन दिवस त्यांच्याशी फक्त जेवायला वाढण्यापुरता संबंध ठेवला. शेजारच्या बाई जिन्यातून विचारून गेल्या, "डोसे करताय का हो? रोज वास येतो, बोलवत मात्र नाही." बहिरूभाऊ त्या वासाचा माग काढत माळ्यावर चढले, कपाटामागे वाकले, एकदा तर मोरीच्या जाळीला नाक लावून बसले. योगिनी कामावरून आली तेव्हा वडील पलंगाखाली होते.

"पप्पा, काय शोधताय?"

"पातेलं."

योगिनीनं वर पाहिलं. बोळाच्या छताला एक ओला, पिवळट डाग पडला होता आणि त्याच्या कडेवरून एक जाडसर पांढरा थेंब खाली यायच्या बेतात होता. तिनं ललितला फोन लावला.

ललितनं येऊन जाळीचं झाकण उघडलं. फिल्टरची जाळी दिसलीच नाही. तिच्या जागी पिठाची एक जाड, करडी घडी होती. नुसती उचलली तरी आख्खीच्या आख्खी सुटून आली. पुरणपोळी लाटून तव्यावर टाकायला घ्यावी, तशी. फिल्टर भरल्यावर पीठ बाजूच्या फटींतून आत शिरलं होतं. आत थंड नळ्यांवर सतत पाणी सुटतं. त्या पाण्यात ते भिजलं, पाणी जमा होणाऱ्या तबकात साचलं, ते पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आणि तिथं सगळं मस्तपैकी आंबून फुगलं होतं. ललितनं दोन बोटांनी थोडंसं काढून दाखवलं. तार सुटली.

मैनाबाईंनी ते पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "सापडलं का पातेलं?"

बहिरूभाऊ खाली गिरणीत गेले आणि काही काम नसताना चक्कीचा दगड उचलून त्याला छिन्नीनं टाकी लावत बसले. लाज वाटली की ते दगडाला टाकी लावतात. त्या वर्षी दगडाला फार चांगली धार होती.

आता माणूस यातून शिकला असता तर गोष्ट इथंच संपली असती. बहिरूभाऊ शिकले, पण गरजेपेक्षा जास्त. आजवर फिल्टरकडे पाहिलं नव्हतं, आता त्यांना फिल्टरशिवाय काही दिसेना. मोबाईलवर हवेतल्या धुळीचे व्हिडिओ पाहायला लागले. घरातल्या हवेत काय काय तरंगतं हे कळल्यावर त्यांनी काही दिवस श्वास जपून घेतला. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांना ते सांगायचे, "तुमच्या उशीत किडे हायेत, डोळ्यांना दिसत नाय." बायका दुसऱ्या गिरणीत जायच्या बेताला आल्या.

एका रविवारी त्यांनी योगिनीला विचारलं, "तुमच्या औषधाच्या कंपनीत कोणता फिल्टर असतो गं?"

"एकदम बारीक, पप्पा. दिसणारही नाही असा कण अडवतो. पण त्यांचे पंखे केवढाले असतात माहितीये का? त्या फिल्टरमधून हवा ओढायला..."

'एकदम बारीक' एवढं बहिरूभाऊंना पुरलं. ते दुकानात गेले. फिल्टरच्या खोक्यांवर नंबर असतात; नंबर जितका मोठा तितका फिल्टर बारीक, हे दुकानदारानं सांगितलं. पिठाच्या धंद्यातल्या माणसाला बारीक म्हणजे चांगलं, हे काय नव्यानं सांगायचं? त्यांनी सगळ्यात मोठा नंबर उचलला. दुकानदारानं विचारलं, "मशीन कोणतं आहे?" बहिरूभाऊ म्हणाले, "चांगलं आहे."

तो फिल्टर कागदाचा होता, घड्याघड्यांचा, जाडजूड, शोभिवंत. चौकटीत मावेना. बहिरूभाऊंनी त्याच्या कडा किसल्या आणि खालून मुठीनं ठोकून बसवला. जुनी नायलॉनची जाळी मैनाबाईंकडे दिली. "टाकून दे. आता आपण हॉस्पिटलची हवा घ्यायची."

मैनाबाई चांगली वस्तू कधी टाकत नाहीत. त्यांनी ती धुऊन माळ्यावर ठेवली.

हिवाळ्यात एसी बंदच होता. होळी झाली, ऊन तापलं, यंत्र सुरू केलं. हवा यायची, पण आजारी माणसानं फुंकर मारावी तशी. भाऊंनी पुन्हा आकडा खाली आणला. यंत्र आतून घुसमटल्यासारखं गुरगुरायला लागलं आणि एका दुपारी आतल्या नळ्यांवर बर्फ धरला. यंत्र बंद केल्यावर तो वितळला आणि बोळात टपटप सुरू झाली. ललित पुन्हा आला.

"काका, तुमच्या पंख्यात एवढा दम नाही. हवाच पुरत नाही म्हणून नळ्या गोठतात. मधल्या नंबरचा फिल्टर घ्या, आणि त्याच्यापुढं आपली जुनी जाळी, म्हणजे जाड कचरा जाळीवरच अडेल."

हे बहिरूभाऊंना कळायला काहीच अवघड नव्हतं. मैद्याच्या चाळणीत रवा घातला की वर ढीग साचतो आणि खाली काही पडत नाही, हे ते गिरणीत येणाऱ्या नव्या सुनांना समजावून सांगत. पण आपण हौसेनं आणलेली वस्तू चुकीची आहे हे मान्य करायला चाळणीचं ज्ञान उपयोगी पडत नाही. "बघू," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचे होते.

योगिनीसाठी दिंडोरीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा अश्विन, शेतीचं शिक्षण घेतलेला, घरची द्राक्षबाग बघणारा. मुलगा-मुलगी कॉलेज रोडला दोनदा कॉफी पिऊन आले होते आणि दोघांचं बरं जुळलं होतं. आता त्याचे आईवडील, खंडेराव आणि सरुबाई, घर बघायला आणि माणसं ओळखून घ्यायला येणार होते. बहिरूभाऊंनी मनात चित्र रंगवलं होतं. बाहेर एप्रिलचं ऊन, पाहुणे घामाघूम होऊन वर येतात, आणि कमळाखाली बसताच गार हवेची लाट. खंडेराव मान वर करतात. डबा सापडत नाही.

पण हवेला फुंकरीचा जोर. म्हणून त्या दिवशी सकाळीच त्यांनी ठरवलं की फिल्टर स्वच्छ धुवायचा. खोक्यावर पाण्याच्या थेंबावर फुली मारलेलं चित्र होतं. ते त्यांनी 'पाण्याचा अपव्यय टाळा' असं वाचलं. बादलीत साबणाचं पाणी केलं, फिल्टर बुडवला आणि ब्रशनं घासला. कागदच तो. आधी घड्या मिटल्या, मग भिजलेल्या पापडासारखा लोंबायला लागला आणि शेवटी हातात नुसती चौकट राहिली. बाकीचं बादलीत तरंगत होतं.

"मैना! ती जुनी जाळी कुठंय?"

"गच्चीवर."

बहिरूभाऊ गच्चीवर धावले. जाळी होती. उन्हात, दोन विटांवर, छान ताणून ठेवलेली. आणि तिच्यावर गव्हाच्या चिकाच्या कुरडया ओळीनं घातलेल्या होत्या. अर्धवट वाळलेल्या, जाळीच्या भोकाभोकांत रुतलेल्या. एक उचलायला गेले तर तुटून निम्मी जाळीतच राहिली.

"हात लावू नका!" मैनाबाई जिन्यातून ओरडल्या. "योगिनीच्या सासरी द्यायच्या हायेत त्या, जमलं तर!"

मग बहिरूभाऊंनी विचार केला, एका दिवसानं काय होतंय? आज फिल्टरच नको. यंत्र सुरू केलं तर काय आश्चर्य! हवा अशी सुटली की हॉलचे पडदे फडफडले. कितीतरी दिवसांनी घर गार झालं. त्यांना वाटलं, आपण उगाच एवढे दिवस फिल्टर फिल्टर करत बसलो.

मिरची कांडप त्या दिवशी बंद ठेवायचं, असं योगिनीनं बजावलं होतं. बंदच होतं. पण पाहुणे यायला थोडा वेळ असताना एक जुनी गिऱ्हाईक बाई पिशवीभर लवंगी मिरची घेऊन आली. भाजून आणलेली. "भाऊ, उद्या गावाला चालले, एवढी तेवढी काढून द्या." बहिरूभाऊंना नाही म्हणता येत नाही. त्यांनी कांडप सुरू केलं. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. ते कांडप चालूच ठेवून, हात झटकत, पाहुण्यांना घेऊन जिना चढले. जिन्याचं दार अदबीनं उघडं धरलं आणि तसंच उघडं ठेवून दिलं.

खंडेराव उंचेपुरे, कमी बोलणारे. सरुबाई हसतमुख. अश्विन दोघांच्या मागे, हातात घरच्या द्राक्षांची पेटी. मंडळी कमळाखाली बसली. गार हवेची लाट आली. खंडेरावांनी खरोखरच मान वर केली.

"एसी कुठं बसवलाय भाऊ? दिसत नाय."

बहिरूभाऊंच्या आयुष्यातला तो फार मोठा क्षण होता. "दिसायलाच नको असा..." ते सांगायला लागले आणि शिंकले.

मग मैनाबाई शिंकल्या. सरुबाईंनी पदर नाकाला लावला. खंडेरावांना ठसका लागला तो थांबेना. योगिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारातच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बेडरूममध्ये जावं तर तिथंही तेच, स्वयंपाकघरात तेच. एकच यंत्र, सगळ्या खोल्यांत समान वाटप. खालच्या लवंगीचा खकाणा जिन्यानं वर चढत होता, जिन्याच्या तोंडाची जाळी तो ओढून घेत होती आणि छतातून तो थंड करून पाहुण्यांच्या डोक्यावर सोडत होती.

"एसी बंद करा!" योगिनी ओरडली.

बहिरूभाऊंना रिमोट दिसेना. डोळे उघडले तर काही दिसणार! त्यांनी चाचपडत कोणतंतरी बटण दाबलं आणि पंखा आणखी जोरात सुटला. शेवटी अश्विननं मुख्य बटण शोधून बंद केलं, खाली पळत जाऊन कांडप थांबवलं आणि येताना गाडीतून औषध फवारताना तोंडाला बांधायचा मास्क आणला. एकच होता. तो त्यानं आधी मैनाबाईंना दिला.

सगळे गच्चीवर गेले. रणरणतं ऊन, गरम वारा, आणि प्रत्येकाचं नाक लाल. बहिरूभाऊ पाहुण्यांकडे पाठ करून कठड्याशी उभे राहिले. आपलं जे काही व्हायचं ते झालं, पण पोरीचं काय, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांतलं पाणी मिरचीचं किती आणि आपलं किती, हे त्यांनाच कळेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कमळ, जिन्याकडची जाळी, आंबलेलं पीठ, मैनाबाईंवर घेतलेला आळ, सगळ्यात मोठा नंबर, साबणाची बादली. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "पोरगी हुशार हाय हो. सांगत होती सगळं. मीच अर्धं ऐकतो."

मग सरुबाईंनी नाक पुसलं. "आम्हाला वाटलं होतं, रडायचं ते पोरगी सासरी निघताना. तुम्ही आम्हाला आधीच उरकून दिलं, भाऊ."

खंडेराव हसायला लागले. कमी बोलणारा माणूस हसतो तेव्हा फार वेळ हसतो. "बागेवर मारायच्या गंधकाची आमच्या घरातच धुरळणी झाली होती एकदा," ते म्हणाले. "खिडक्या उघड्या, आणि पुढच्या सोप्यात माझी सासुरवाडी बसलेली. ही अजून बोलून दाखवते." सरुबाईंनी मान डोलावली. तोवर अश्विन आणि योगिनी दोन विटांवरच्या जाळीपाशी उकिडवे बसून, जाळी न फाडता कुरडया कशा सोडवायच्या, यावर गंभीरपणे बोलत होते.

लग्न ठरलं. बहिरूभाऊ म्हणतात, त्यांना माझी दया आली. मैनाबाई म्हणतात, तुम्ही खरं बोललात म्हणून. योगिनी म्हणते, आमचं आधीच ठरलं होतं, तुम्हा दोघांचा काही संबंध नाही.

त्यानंतर ललितला बोलावून बहिरूभाऊंनी त्याच्यासमोर खुर्ची घेतली आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग. मी मधी बोलणार नाय." मधे बोलले दोनदाच. कमळाला भोक पाडलं आणि जाळी हॉलमध्ये आली. जिन्याकडची बंद केली. जिन्याच्या दाराला ते आपोआप मिटवणारी स्प्रिंग बसवली. पंख्याला झेपेल असा मधल्या नंबरचा फिल्टर आला आणि त्याच्यापुढं धुता येणारी नवी नायलॉनची जाळी. आठवड्यातून ज्या दिवशी गिरणी बंद असते त्या दिवशी जाळी धुवायची. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही, ट्यूबलाइटसमोर धरायचा. उजेड पार दिसेनासा झाला की बदलायचा. मैनाबाईंनी हॉलमधल्या हवेच्या तोंडाला जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधली. ती फडफडते तोवर ठीक, लोंबायला लागली की नवऱ्याला हाक मारायची. बहिरूभाऊंना ती चिंधी शोभेच्या दृष्टीनं पसंत नाही. पण फुटक्या कमळाशेजारी चिंधीनं काय बिघडणार आहे?

दळणाला आलेल्या बायकांना ते आता सगळी हकिकत सांगतात, आपल्या फजितीचा भाग जरा जास्तच रंगवून. सांगता सांगता एकदा बाजरी गव्हात मिसळली.

मध्यंतरी लेकीला भेटायला दिंडोरीला गेले होते. खंडेराव बागेत होते, छाटणी चालू होती. योगिनी चहा ठेवायला आत गेली. सोप्यात भिंतीवर एक साधा एसी होता, पांढऱ्या डब्याचा. बहिरूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मग चपला काढून हळूच खुर्चीवर चढले, डब्याचं झाकण उचललं आणि आतली जाळी ओढून काढली. खिडकीच्या उजेडाकडे धरली.

जाळी लख्ख होती. नुकतीच धुतलेली, कोपऱ्यात पाण्याचा एक थेंबही अजून होता.

"पप्पा," चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली योगिनी म्हणाली, "खाली उतरा. सासूबाई बघतायत."

सरुबाई खरंच बघत होत्या. बहिरूभाऊंनी जाळी परत बसवायचा प्रयत्न केला, उलटी बसली. काढून पुन्हा बसवली. मग झाकण लावून ते सावकाश खाली उतरले, खुर्चीवर बसले आणि चहा घेतला. चहात साखर जरा जास्त झाली होती, तरी ते फुंकून प्यायला लागले.

"कशी आहे जाळी?" योगिनीनं विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. त्यांना जरा वाईटच वाटलं होतं. करायला काहीच उरलं नव्हतं.

"भाऊ," सरुबाई आतल्या खोलीकडे हात करून म्हणाल्या, "आमच्या खोलीतला एसी मात्र लय दिवस झाले कुणी उघडला नाय."

बहिरूभाऊंनी कप खाली ठेवला.

"पण आधी चहा पुरा प्या," सरुबाई म्हणाल्या.

ते तोवर खुर्ची उचलून निघालेही होते.